टेक्सासचं रानडुक्कर, शहाद्याचा काळा मसाला : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, शहादा

काम काय, ते आधी लिहून ठेवतो. भाचा टेक्सासात नोकरीला आहे. त्याच्या मित्राच्या रँचवर रानडुकरं मका नि गवताची कुरणं नांगरल्यासारखी उकरून टाकतात. मित्र बंदूक काढतो आणि मांसाचा वाटा भाच्याच्या फ्रीजरमध्ये येऊन पडतो. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला : "मामा, हाई मांस शिजी नई ऱ्हायनं!" आईच्या हातच्या मटणासारखं करायला गेला आणि दोन तासांनीही तुकडा दाताखाली रबरासारखा. त्याच्या ओळखीच्या आणखी काही खान्देशी घरांची तीच रड आहे. तेव्हा ठरलं, की मी इथे कृती बसवायच्या, त्याने तिथे खऱ्या मांसावर करून बघायच्या आणि दोघांनी मिळून एक छोटी मराठी पुस्तिका करायची.

मी लग्न, जाऊळ, नवस यांच्या पंगती करणारा आचारी. बोकडाचं मांस आयुष्यभर हाताळलं, डुकराचं फार कमी. सौ.ने अट घातली आहे : भांडी वेगळी, चूल मळ्यात, आणि मळ्यातलं काही घरात येणार नाही. मान्य.

१३ नोव्हेंबर

गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका ओळखीच्याने निरोप धाडला, "आचारी, खरं रानडुक्कर पाहिजे का? बोला, उद्या आणतो." नाही म्हणून सांगितलं. आपल्याकडे रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. परवानगीशिवाय मारणं गुन्हा. पीक नासाडीसाठी वनखात्याच्या परवानगीने मारलं, तरी कलम ३९ प्रमाणे तो प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो, त्याचं मांससुद्धा. रावेर-यावलच्या केळीवाल्यांचं आणि आमच्याकडच्या मकेवाल्यांचं नुकसान मी डोळ्यांनी बघतो. बांधाला जुन्या साड्या लावतात, झटका मशीन लावतात, रात्र रात्र माळ्यावर बसतात. तरी कायदा तो कायदा, आणि पुस्तिकेत ही गोष्ट पहिल्या पानावर जाईल. या कृती तिकडच्यांसाठी आहेत. इकडे कोणी करायच्या तर फार्मवरच्या पाळीव डुकराच्या मांसावर कराव्यात.

टेक्सासचा हिशोब वेगळा. ते डुक्कर तिथलं मूळचं नव्हेच. स्पॅनिश लोकांनी आणलं. त्यांच्यातल्या दे सोटो नावाच्या सरदाराच्या मोहिमेबरोबर १५३९ मध्ये फ्लोरिडात डुकरं उतरली. सुटलेली, सोडलेली पाळीव डुकरं रानटी झाली आणि पुढे शिकारीसाठी आणलेल्या युरोपातल्या रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. आता ती वीस लाखांच्या वर असून शेतीची शत्रू समजली जातात. २०१९ पासून तिथे खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, शिकारीच्या परवान्याशिवायही मारता येतात. मात्र असं मारलेलं मांस विकता येत नाही, कारण त्याची तपासणी झालेली नसते. हॉटेलात मिळतं ते जिवंत पकडून सरकारी तपासणीच्या कत्तलखान्यात गेलेलं. भाच्याला म्हटलं, वाट, खा, खाऊ घाल, पण मंडळाच्या मेळाव्यात थाळी लावून विकू नकोस.

गंमत म्हणजे आपली मिरचीसुद्धा अमेरिकेतली. पोर्तुगिजांनी ती इकडे आणली, स्पॅनिशांनी डुक्कर तिकडे नेलं, आणि आता मी दोघांची गाठ घालतोय.

१८ नोव्हेंबर

सरावाचं सामान ठरवलं. एका वराहपालन फार्मवरून पाळीव डुकराचा दस्ता (खांदा), राण (मांडी) आणि गर्दन आणली. पण पाळीव मांसाला चरबी भरपूर, ते लवकर शिजतं. रानातलं जनावर दिवसभर धावतं, उकरतं. त्याची चरबी कमी, रंग गडद, तंतू जाड. म्हणून चिवटपणाचा अंदाज यायला सोबत जुन्या बोकडाचं मांस घेतलं, कोवळ्या करडाचं नाही. बोकडाचा उपयोग आणखी एका गोष्टीला होणार आहे, वासाच्या.

भाच्याकडून माहिती मागवली : नर की मादी, वजन किती, कुठला भाग. तो म्हणतो, "मामा, पिशवीवर फक्त 'हॉग' लिहिलंय." आता मित्राला सांगून प्रत्येक पिशवीवर तारीख, भाग आणि अंदाजे वजन लिहायला लावलं आहे. या माहितीवाचून कृती लिहिण्यात अर्थ नाही. वीस-पंचवीस किलोचं पिल्लू आणि शंभर किलोचा सुळेवाला नर ही स्वयंपाकाच्या दृष्टीने दोन वेगळी जनावरं आहेत. पिल्लाची राण भाजता येते. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली ढालीसारखा जाड थर असतो, तो सुरीला ऐकत नाही आणि शिजवून कामालाही येत नाही. काढून टाकायचा.

२२ नोव्हेंबर

आज चूल पेटली नाही, नुसतं लिहिणं. सुरक्षिततेचं पान. कंटाळवाणं आहे, पण यात सूट नाही.

जनावर फाडताना हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. रानडुकरांत ब्रुसेला सुइस नावाचा जंतू असतो. रक्तातून, हाताच्या चिरेतून माणसात येतो आणि मग चढ-उतार करणारा ताप आठवडेच्या आठवडे सोडत नाही. शिजवलं की जंतू मरतो. धोका कापणाऱ्याला जास्त, खाणाऱ्याला कमी.

दुसरा ट्रायकिनेला, स्नायूत बसणारा कृमी. पाळीव डुकराचं मांस ठरावीक थंडीत तीन आठवडे गोठवलं तर तो मरतो, पण रानटी जनावरातल्या त्याच्या काही जाती गोठवूनही जिवंत राहतात. मीठ लावून, वाळवून, धुरावून खात्री नाही. म्हणून एकच नियम : मांसाच्या सगळ्यात जाड भागात ७१ अंश सेल्सिअस, तिकडच्या थर्मामीटरवर १६० फॅरनहाइट. आतून गुलाबी ठेवायची तिकडची हौस इथे चालणार नाही. काळीज, म्हणजे यकृतसुद्धा पूर्ण शिजलेलं. जपानात रानडुकराच्या अर्धकच्च्या काळजातून हेपॅटायटिस ई ही कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत.

भाच्याकडे लॅब्रॅडोर आहे. त्याला कच्चे तुकडे टाकायचे नाहीत. डुकरांतला एक विषाणू, खोटा रेबीज म्हणतात तो, कुत्र्याला लागला तर कुत्रा वाचत नाही.

आणि चरबी निळसर दिसली तर सगळं फेकून द्यायचं. डुकरं मारायला तिकडे वॉरफेरिन या विषाचं आमिष वापरतात, त्यात ओळखीसाठी निळा रंग घातलेला असतो.

२९ नोव्हेंबर

वासाचा दिवस. भाच्याच्या पत्नीची मुख्य तक्रार हीच होती : "मामंजी, शिजताना घरभर उग्र वास सुटतो." त्यावर त्यांनी काय केलं, तर मसाला दुप्पट. आमच्या धंद्यातही लोक हेच करतात आणि मला ते बिलकूल पटत नाही. काळा मसाला चवीसाठी असतो, वास बुजवायला नसतो. वास राहतोच, वरून मसाला जळका लागतो.

वास बहुतेक चरबीत असतो. वयात आलेल्या नराच्या चरबीत अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल ही दोन द्रव्यं साठतात. गरम झाली की हवेत येतात. माजावरच्या बोकडाची चरबी आमच्याकडे ज्या कारणासाठी काढतात त्याच कारणासाठी ही काढायची. बोकडाच्या राणेवर दोन्ही प्रकार करून पाहिले, एक चरबीसकट, एक चरबी, पापुद्रे आणि मांडीतल्या गाठी काढून. मसाला दोन्हीला सारखा. फरक सांगायला तज्ज्ञ लागला नाही, सालदाराच्या पोराने लांबून वास घेऊन सांगितलं.

बाकीचा वास उशिराचा. मारल्यावर पोट लवकर साफ केलं नाही, मूत्राशय फुटलं, मांस तासन्‌तास गरम राहिलं, की पुढे आचारी काही करू शकत नाही. टेक्सासची गरमी आपल्या मे महिन्याच्या तोडीची असते. मित्राला सांगायचं : आतडी लगेच काढ, बर्फाच्या पेटीत ठेव, मांस ४ अंशांखाली ने. पेटीचं बूच उघडं, म्हणजे रक्ताचं पाणी वाहून जाईल आणि मांस त्यात बुडून राहणार नाही. दोन-तीन दिवस बर्फ बदलत ठेवलं की रंग फिकट होतो, वास उतरतो. त्यावर एक रात्र मिठाचं पाणी, लिटरला ५०-६० ग्रॅम मीठ, फ्रीजमध्येच. व्हिनेगर, लिंबू, ताक यांचे लोक फार गोडवे गातात. घातलं तरी चालेल. सुरी आणि बर्फ यांच्यापुढे ते दुय्यम.

८ डिसेंबर

दस्त्याचा काळा रस्सा. पुस्तिकेचा कणा हाच असणार.

मिरची नंदुरबारहून आणली. सध्या पथारीवर लाल गालिचे पसरलेत, तिथून जाताना शिंका आवरत नाहीत. मसाला घरचाच : मिरची, धणे, सुकं खोबरं, वाळवून तळलेला कांदा, दगडफूल, तमालपत्र, लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलदोडा, बादियान, शहाजिरे, जायपत्री, नागकेशर. खोबरं आणि धणे गडद होईपर्यंत भाजायचे, करपवायचे नाहीत.

एक किलो मांस, हाडासकट, मोठे तुकडे. हळद, मीठ, आलं-लसणाचं वाटण लावून तासभर. तीन कांदे आणि अर्धी वाटी खोबरं निखाऱ्यावर भाजून वाटायचं. शेंगदाण्याचं तेल एरवीपेक्षा थोडं जास्त, कारण मांसात स्वतःची चरबी उरलेली नाही. तेलात मांस आधी चांगलं लालसर परतायचं. मग वाटण, तेल सुटेपर्यंत. मग काळा मसाला तीन चमचे. मग कढत पाणी. गार पाणी कधीच नाही. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर अडीच-तीन तास.

मंद म्हणजे मंद. दस्ता, गर्दन, नळी हे सतत राबणारे भाग, त्यांच्यात पांढरे चिवट धागे भरपूर. ते धागे ७१ अंशांना खायला सुरक्षित होतात, मऊ होत नाहीत. मऊ व्हायला नव्वदीच्या आसपास बराच वेळ राहावं लागतं, मग ते विरघळून रश्शाला अंगचा दाटपणा येतो. भाचा दोन तासांनी झाकण उघडून थांबला होता. त्याला आणखी तासभर हवा होता, एवढंच.

रश्शाला तर्री छान आली. कळण्याच्या भाकरीबरोबर सालदाराच्या घरच्यांनी खाल्लं. म्हातारी म्हणाली, मीठ कमी. खरं होतं.

१५ डिसेंबर

कच्ची पपई. शहाद्यात पपईला तोटा नाही, बागवान फुकट देतो. चिवट मांसाला पपई लावा हे सगळेच सांगतात, कुठे आणि किती हे कोणी सांगत नाही.

किलोला दोन मोठे चमचे वाटण, सालासकट, तासभर ते दोन तास. रात्रभर ठेवलं तर वरचा थर पिठासारखा होतो आणि आतला तसाच चिवट राहतो, कारण पपईचा रस आत शिरत नाही. तिचा खरा जोर मांस गरम होताना, साधारण ६०-७० अंशांच्या टप्प्यात असतो. उकळीला आलं की संपला. म्हणून रश्शाला पपई नको, तिथे वेळच काम करतो. पपई राणेच्या पातळ तुकड्यांना, सळईवर भाजायच्या असतील तेव्हा. पाठीच्या कण्यालगतचा लांब पट्टा मुळातच मऊ, त्याला काहीच नको. बोटाएवढे पातळ काप, लसूण-मिरचीचं वाटण, तापलेला तवा, पटकन. जाड ठेवला तर आत ७१ गाठेपर्यंत बाहेर लाकूड होतं.

२१ डिसेंबर

भाच्याचा व्हिडिओ कॉल. रस्सा जमला. त्याच्या पत्नीने फोन हिसकावून घेतला, "मामंजी, घरात वास नाही!" या कामाचं मोल मला तिथेच मिळालं.

त्याचा नवा प्रश्न : रँचवर कॅम्पात मसालेबिसाले नसतात, तिथे काय करायचं? याला राजस्थानी उत्तर आहे, जंगली मास. शिकारीच्या तळावर मिळेल तेवढ्यात केलेलं : तूप, सुकी लाल मिरची, मीठ, पाणी. बस. तुपात मांस परतायचं, अख्ख्या मिरच्या, घोट घोट पाणी घालत शिजवायचं, शेवटी तूप वर आलं पाहिजे. मळ्यात केलं. लसणाची एक पाकळीही न टाकणं मला जड गेलं, पण चव बघितल्यावर हात आखडता ठेवल्याचं समाधान वाटलं. फक्त हे कोवळ्या मादीच्या किंवा पिल्लाच्या मांसावर. नराच्या मांसाला इथे लपायला जागा नाही.

५ जानेवारी २०२५

आंबटपणा. कोडगूचे लोक डुकराच्या करीत, पंदी करीत, काचमपुळी घालतात. एका आंबट फळाचा आटवून काळा केलेला रस. ती करी आधी रानडुकराचीच होत असे. चरबी आणि जड मांस, दोन्हीला आंबट हवं हे त्यांना कळलेलं.

आपल्याकडे काचमपुळी नाही, पण अंबाडी आहे. अंबाडीचा पाला उकडून, पाणी पिळून, घोटून रश्शात शेवटच्या अर्ध्या तासात घातला. आधी घालू नये. लसणाची वरून चरचरीत फोडणी. मला हा प्रकार काळ्या रश्शापेक्षाही आवडला. सालदाराच्या घरी मतं फुटली. तिकडच्या देशी दुकानात अंबाडी 'गोंगुरा' या आंध्र नावाने मिळते, ते पुस्तिकेत घालायला हवं.

१९ जानेवारी

खड्डा. हा उद्योग पुस्तिकेत असायलाच हवा असं नव्हतं, पण हवाई बेटांवरच्या 'इमू' या जमिनीतल्या भट्टीबद्दल कळल्यापासून गप्प बसवेना. जमिनीत खड्डा, तळाला तापवलेले लाव्हाचे दगड, त्यावर केळीचे ठेचलेले खांब, वर पानं, त्यात डुक्कर, वरून माती. दगड, केळी, खड्डा : आमच्याकडे यातलं काय नाही? दगडसुद्धा लाव्हाचाच, दख्खनचा बराचसा भाग त्याच काळ्या दगडाचा. केळी कापल्यावर खांब बांधावर पडून कुजतात.

मळ्यात कमरेएवढा खड्डा घेतला. दगड बांधावरचे, कोरडे, छिद्रं असलेले. गोमाई नदीतले गोल गोटे घ्यायचे नाहीत, आत पाणी मुरलेलं असतं आणि तापल्यावर ते फुटून उडतात. बाभळीची लाकडं, पेटवायला पऱ्हाट्या. तीन तास जाळ. निखारे बाजूला सारून दगडांवर खांबांच्या चिरफाळ्या टाकल्या, वाफेचा लोट उठला. राणेला मीठ, लसूण, काळा मसाला चोळून केळीच्या पानात बांधलेलं. वर पानं, ओली गोणपाटं, माती. वाफ कुठून निसटते ते बघत माती दाबत राहायचं.

सात तासांनी उकरलं. हाड बोटांनी सुटून आलं, थर्मामीटरवर ९३. मांसाला केळीच्या पानाचा हिरवा वास आणि मातीची झाक. मसाला मात्र फुकट गेल्यासारखा, वाफेत त्याचा भाजका सुगंध मावळला. इथे नुसतं मीठ-लसूण लावावं आणि मसाला नंतर तेलात फुलवून वरून ओतावा. हवाईचे लोक मीठच लावतात ते उगाच नाही.

२ फेब्रुवारी

खिमा. मोठ्या नराचं, चरबी काढलेलं, तुकड्यांनी खाण्यासारखं नसलेलं मांस इकडे वळवायचं. तिकडे लोक त्यात पाळीव डुकराची चरबी पाव हिश्शाच्या आसपास मिसळून सॉसेज करतात. आपण भरपूर कांदा आणि मटार घालून सुका खिमा करावा, चरबीऐवजी तेल. खिम्यात वरचं आतलं सगळं एक होतं, म्हणून तो पूर्ण शिजलाच पाहिजे. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात नाही.

लोणचं काढून टाकलं. भाच्याला फार हवं होतं, बरणीत भरून ऑफिसात न्यायला. पण तेलात बुडालेलं मांस बाहेर ठेवायचं म्हणजे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूला घर बांधून देणं. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचं असेल तर त्याला लोणचं कशाला म्हणायचं, सुकं मटणच म्हणा.

१६ फेब्रुवारी

कच्चा मसुदा भाच्याने वाचला. दोन अडचणी. एक, शिट्ट्या. तिकडच्या इलेक्ट्रिक कुकरला शिट्टी नाही आणि त्याचा दाब आपल्या कुकरपेक्षा कमी असतो. सगळीकडे शिट्ट्या खोडून मिनिटं लिहिली : दस्त्याला आपल्या कुकरमध्ये बारीक गॅसवर ४५, त्यांच्यात तासाच्या वर, मग दाब आपोआप उतरू द्यायचा. आधी परतणं मात्र दोन्हीकडे चुकवायचं नाही.

दुसरी, खड्डा. त्याच्या काऊंटीत कोरड्या दिवसांत उघड्यावर जाळ करायला बंदी येते. म्हणून त्या पानावर ओव्हनची कृती जोडली : केळीची पानं गोठवलेली मिळतात, ती गरम पाण्यातून काढून राणेभोवती दोन थर, वर फॉइल घट्ट, तळाला वाटीभर पाणी, १५० अंश सेल्सिअसवर पाच तास, हाड हलवून बघायचं, हललं नाही तर आणखी एक तास.